गालापासून आठ सेंटिमीटर

मिस्त्रीच्या बायकोला उशाजवळच्या घंटेचं बटण दाबता येईनासं झालं, ते त्याच्या लगेच लक्षात आलं नाही. तो स्वयंपाकघरात भांडी घासत होता, आणि सकाळपासून घंटा वाजली नाही म्हणून उलट खुशीत होता, की आज तिला जरा आराम दिसतोय. भांडी पालथी घालून, हात पुसत तो खोलीत आला, तर तिचं उजव्या हाताचं पहिलं बोट बटणावर टेकलेलं होतं आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळून उशी ओली झाली होती. पाठीखाली चादरीची वळकटी रुतत होती. किती वेळ रुतत होती, हे सांगायला तिच्याकडे आवाज नव्हता.

आणि आवाज हीच तर तिची सगळी मिळकत. तीस वर्षं ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. जन्मात कधी न पाहिलेली माणसं फोन जोडून झाल्यावरही तिच्याशी दोन शब्द जास्तीचे बोलायची. मिस्त्री तेव्हा उंच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचा. गिऱ्हाइकांशी बोलायची वेळ आली, की त्याच्या घशाला कोरड पडायची, पण नंबर मागायच्या निमित्ताने तो दिवसातून चारदा एक्सचेंजला फोन लावायला लागला. पुढचं सगळं ओघाने आलं. लग्नानंतरही बोलायचं खातं तिच्याकडेच राहिलं. ती पाहुण्यांना सांगायची, "आमच्या घरात लाइन एकच चालू. ती माझी. ह्यांची नुसती बसवून ठेवली आहे."

दोन वर्षांपूर्वी आधी तिच्या हातून सुई निसटायला लागली. मग जीभ जड झाली. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि दोघांना समोर बसवून सांगितलं, की स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून काम सोडतात. कळतं सगळं, दुखतंही सगळं, फक्त हलत नाही. उपाय आहे का, असं मिस्त्रीने विचारलं नाही. ते तिनेच विचारलं, तेव्हा बोलता येत होतं तिला. डॉक्टरीणबाई खाली बघत राहिल्या, त्यावरून दोघं समजले.

त्या दिवशी वळकटी सरळ करून, तिचे डोळे पुसून मिस्त्री पलंगाशी बसला आणि त्याने तिला बोट उचलायला सांगितलं. बोट उचललं गेलं. अर्धा इंच का होईना, पण गेलं. मग दाब म्हणाला. ते जमेना. उचलता येत होतं, दाबता येत नव्हतं. तो कितीतरी वेळ त्या बोटाकडे बघत राहिला. लिफ्टच्या दारात कुणी हात घातला, तर दार हाताला न लागताच मागे फिरतं. ते दार त्याने आयुष्यभर दुरुस्त केलं होतं. न शिवता जर दाराला हात कळतो, तर घंटेला बोट का कळू नये?

निवृत्त झाल्यापासून त्याला हा नाद होताच. बाल्कनीत एका फळीवर तारांना डाख द्यायची जुनी सोल्डरिंगची कांडी, तारांची भेंडोळी, बोटाएवढ्या पाट्यांवरची सर्किटं असा पसारा असायचा. अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा त्याने केला होता, कुंडीतली माती सुकली की ओरडणारं एक यंत्रही केलं होतं. ते कुंडीला पाणी घालून झालं तरी ओरडत राहायचं. बायको म्हणायची, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. पण कुणी आलं, की तोच दिवा कौतुकाने लावून दाखवायची.

नुसत्या नजरेवर चालणारं परदेशी यंत्र असतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. त्याची किंमत ऐकून मिस्त्रीने विषय तिथेच सोडला. औषधं आणि सकाळी येणाऱ्या नर्सबाई यांतच त्याचं पेन्शन संपत होतं. म्हणून तो बाजारामागच्या गल्लीतल्या सुट्या भागांच्या दुकानात गेला. ते दुकान चालवणारी बाई भावाच्या मागे गल्ल्यावर बसली होती आणि भावापेक्षा तिला त्यातलं जास्त कळत होतं. चष्मा डोक्यावर सरकवून तिने विचारलं, "काका, अंतर मोजायचंय कशाचं? टाकीतल्या पाण्याचं का?"

"बोटाचं," मिस्त्री म्हणाला.

तिने वर पाहिलं. मग त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. एवढं सलग तो गेल्या वर्षभरात कुणाशी बोलला नव्हता. बाई ऐकत होती. मग तिने तीन डबे काढून काचेवर ठेवले. पहिला सेन्सर आवाजावर चालणारा, घुबडासारखे दोन गोल डोळे असलेला. माणसाला ऐकू न येणारा आवाज तो सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर सांगतो. हा सगळ्यांत स्वस्त, शाळेतली पोरंही हाच नेतात. दुसरा न दिसणाऱ्या लाल प्रकाशावर चालणारा. तिसरा नखाएवढा, लेसरचा, त्याची किंमत पहिल्याच्या चौपट. बाईचं म्हणणं, तिसराच न्या. मिस्त्रीने पहिला उचलला. स्वस्त होतं म्हणून तर खरंच, पण दुसरंही होतं. दोन डोळ्यांचं ते यंत्र त्याला आवडलं. आवाजावर चालतं म्हटल्यावर तर जास्तच. बायकोला सांगायला गंमत वाटेल, असं त्याच्या मनात आलं.

दोन दिवसांत त्याने ते जोडलं. घंटा म्हणून जुन्या लिफ्टमधली, मजला आला की वाजणारी घंटा लावली. पण बोट म्हणजे काही भिंत नव्हे. आवाज बोटाला चुकवून पुढे जायचा आणि पांघरुणात शिरला की तिथेच जिरायचा. त्या यंत्राला बोट दिसत नव्हतं. बाकी सगळं दिसत होतं. नर्सबाई शेजारून गेल्या की घंटा. पडदा हलला की घंटा. एका दुपारी मिस्त्री अकरा वेळा हातातलं काम टाकून धावत आला, आणि अकराव्या वेळी त्याने पाहिलं तर बायकोचे डोळे हसत होते. आता फक्त डोळेच हसायचे तिचे, आणि उजवा गाल जरासा वर जायचा. मिस्त्री कमरेवर हात ठेवून म्हणाला, "हस. तुला काय जातंय? मजला आला नाही तरी दार उघडणारी लिफ्ट झाली माझी."

दुसरा सेन्सर त्याला परवडेल असं वाटलं, म्हणून तो आणला. त्याला बोट नीट दिसायचं, पण फार जवळ गेलं की लांब आहे असं सांगायचा. काही माणसं असतात ना, तशातला. तरी मिस्त्रीने त्याची खोड ओळखून तो बरोबर वीतभर अंतरावर बसवला. सकाळभर छान चालला. चार वाजता खिडकीतून ऊन आत आलं आणि सेन्सरला वेड लागलं. उन्हातही तोच न दिसणारा प्रकाश असतो, हे मिस्त्रीला ठाऊक होतं, पण ध्यानात आलं नव्हतं. त्याने खिडकीला जाड काळा पडदा लावला. यंत्र शहाण्यासारखं वागायला लागलं. तीन दिवस घंटा अचूक वाजली, आणि तीन दिवस तो आपल्यावरच खूश होता.

चौथ्या दिवशी नर्सबाई जाताना दारात थांबून म्हणाल्या, की बाई हल्ली सारख्या पडद्याकडे बघत असतात. मिस्त्री खोलीत गेला. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचा जिना होता. त्या जिन्यावरून माणसं चढायची, उतरायची, पायरीवर बसून चपलेतला खडा काढायची, भांडायची. दिवसभर पडून असलेल्या बाईचं तेवढंच काय ते जग होतं, आणि ते त्याने एका घंटेपायी झाकून टाकलं होतं. घंटा वाजवून ती पडदा काढा असं सांगू शकत नव्हती. घंटेला फक्त 'ये' एवढंच म्हणता येत होतं. त्याने पडदा ओढून काढला, तेव्हा त्याच्या कड्या खळाखळा जमिनीवर पडल्या. माफी मागायची त्याची पद्धत कधीच नव्हती. त्याने तिचा पलंग खिडकीकडे वीतभर आणखी सरकवला.

मग तो तिसरा घ्यायला गेला. दुकानदारबाईने 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हटलं नाही. तिने दुसरा सेन्सर परत घेतला, वापरलेला असूनही. लेसरने डोळ्याला इजा होणार नाही ना, हे मिस्त्रीने तिला तीनदा विचारलं, आणि तिने तीनदा समजावून सांगितलं, की हा इतका मंद असतो की डोळ्यावर पडला तरी काही होत नाही. मग जपून वापरा म्हणाली, आणि वर एक पिवळी पातळ फिल्म असते, ती काढायला विसरू नका. मिस्त्री विसरला. अख्खा एक दिवस त्या यंत्राने समोरची प्रत्येक वस्तू, भिंत, हात, चहाचा कप, एकाच अंतरावर असल्याचं सांगितलं. संध्याकाळी फिल्म दिसली तेव्हा त्याने कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

फिल्म काढल्यावर मात्र तो नखाएवढा सेन्सर मिलिमीटरच्या हिशेबात बोलू लागला. मिस्त्रीने बाल्कनीत आपल्या बोटावर तो तपासला, वहीत आकडे लिहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या उमेदीने पलंगाशी नेला. बायकोला बोट उचल म्हणाला.

बोट हललं नाही.

त्याने पुन्हा म्हटलं. तिच्या कपाळावर आठ्या आल्या, एवढा जोर ती लावत होती. बोट पांघरुणावर होतं तसंच राहिलं. नर्सबाई हळूच म्हणाल्या, की परवापासूनच हलत नाहीये, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. मिस्त्रीला माहीत नव्हतं. परवापासून तो बाल्कनीत होता.

तो पलंगाच्या कडेवर बसला. सेन्सर तसाच हातात राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याने वर पाहिलं, तर ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिचा उजवा गाल वर जात होता. खाली येत होता. पुन्हा वर जात होता. ती हसत नव्हती. ती दाखवत होती.

गाल पाच-सहा मिलिमीटर उचलला जायचा, जास्त नाही. पहिल्या दोन यंत्रांना एवढंसं कळलंच नसतं. मिस्त्रीने टेबललॅम्पची वाकणारी दांडी घेतली, तिच्या टोकाला सेन्सर बसवला आणि तिच्या गालापासून आठ सेंटिमीटरवर आणला. एकदा गाल उचलला तर काही व्हायचं नाही, लागोपाठ दोनदा उचलला तरच घंटा, असं ठरवलं, म्हणजे शिंक, जांभई, खोकला यांनी वाजायला नको. तिच्याआधी त्याने ते स्वतःच्या गालावर लावलं आणि दोन दिवस खुर्चीत बसून बोलून, खाऊन, खोकून, शिंकून पाहिलं. घंटा एकदाही फुकट वाजली नाही. गाल दोनदा उचलला आणि वाजली नाही, असंही झालं नाही. लिफ्टच्या कामात त्याला एकच गोष्ट शिकवली होती, की शंभरात एकदा चुकणारी सुरक्षा ही सुरक्षाच नव्हे. वहीत त्याने दोन रकाने आखले, 'फुकट वाजली' आणि 'वाजायला हवी होती, वाजली नाही', आणि रोज दोन्हींत शून्य लिहू लागला.

आता घंटेला 'ये' याच्यापलीकडेही बोलता येणार होतं. मिस्त्री पलंगाशी बसून वर्ग म्हणायचा, क, च, ट, त, प आणि शेवटी य. हव्या त्या वर्गावर ती घंटा वाजवायची. मग तो त्या वर्गातली अक्षरं एकेक करून म्हणायचा. काना, मात्रा, वेलांट्यांचं काय करायचं, हे त्याला सुचत नव्हतं. तिने ते परस्पर निकालात काढलं, सगळं सरळ गाळून टाकलं. तीस वर्षं तिने फोनवरून लिहून घ्यायच्या तारांचे तुटक निरोप ऐकले होते. काटकसर कशी करायची हे तिला शिकवायला नको होतं.

तिचा पहिला निरोप यायला पंधरा मिनिटं लागली. द. ढ. क. र. मिस्त्रीने कागदावर चार अक्षरं लिहिली, उलटसुलट वाचली, आणि मग त्याचा हात आपसूक हनुवटीवर गेला. आठ दिवसांचे खुंट वाढले होते. "दाढी करा," तो मोठ्याने म्हणाला, आणि तिचे डोळे मिटले, हो म्हणण्यासाठी. दोन वर्षांत पहिल्यांदा तो हसताना रडला की रडताना हसला, ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. त्याने जाऊन दाढी केली. घाईत दोन ठिकाणी कापून घेतलं.

दुसऱ्या दिवशीचा निरोपही चार अक्षरांचा होता. न. ळ. न. क.

मिस्त्री कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नळ? नळ चालू राहिलाय का?" आणि उत्तराची वाट न बघता उठला. स्वयंपाकघरातला नळ बंद होता. त्याने तो आणखी घट्ट पिळला. न्हाणीघरातला पिळला. मग ओट्याला टेकून उभा राहिला.

कारण त्याला कळलं होतं. आठवड्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेरच्या खोलीत नेऊन सांगितलं होतं, की श्वासाचे स्नायू थकत चालले आहेत. एक दिवस ते पुरे पडणार नाहीत. तेव्हा गळ्याला छेद देऊन नळी घालता येते आणि यंत्रावर श्वास चालू ठेवता येतो, महिने, कदाचित वर्षं. घालायची की नाही हे आधीच ठरलेलं बरं, ऐनवेळी धावपळ होते. मिस्त्री क्षणाचाही विचार न करता घाला म्हणाला होता. त्यांना विचारलंत का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर, तिला बोलता कुठे येतंय, असं तो म्हणाला होता. दार अर्धवट उघडं होतं. तिचे कान तर पहिल्यापासून तिखट.

घंटा वाजली. तो गेला. तिने पुन्हा तीच चार अक्षरं सांगितली. "नळ बंद आहेत गं," तो म्हणाला. तिने डोळे मिटले नाहीत. नुसतं त्याच्याकडे बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात तो खोटं बोलला की ती असंच बघायची, आणि मग तो खरं सांगून मोकळा व्हायचा. या वेळी तो मोकळा झाला नाही. त्याने तिची उशी नीट केली आणि बाल्कनीत जाऊन बसला. आत घंटा आणखी दोनदा वाजली. दुसऱ्यांदा तो गेला, तेव्हा तिला पाणी हवं होतं. चमच्याने थेंब थेंब पाजताना दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

मुलीला त्याने फोनवर यातलं काहीच सांगितलं नाही. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती आणि दर पंधरवड्याला यायची. पण गुरुवारी डॉक्टरीणबाई येणार होत्या, म्हणून ती बुधवारीच आली. आईने लेकीला चार अक्षरं सांगितली. लेकीने कागद वाचला, बापाकडे पाहिलं आणि कागदाची घडी करून ठेवली.

गुरुवारी डॉक्टरीणबाई पलंगाशी खुर्ची घेऊन बसल्या. त्यांनी तिला सगळं सावकाश समजावलं. नळी घातली तर काय होईल, नाही घातली तर काय होईल, आणि नाही घातली तरी गुदमरू देणार नाही, त्रास होऊ नये म्हणून औषधं देता येतात, हेही. मग म्हणाल्या, "नळी हवी असेल तर एकदा वाजवा. नको असेल तर दोनदा. घाई नाही."

घंटा वाजली. मग पुन्हा वाजली.

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. "आता मी उलटं विचारते, राग मानू नका. नको असेल तर एकदा. हवी असेल तर दोनदा."

एकदा वाजली. सगळे थांबले. समोरच्या जिन्यावरून कुणीतरी जड काहीतरी ओढत वर नेत होतं, प्रत्येक पायरीला धप्प आवाज येत होता. मिस्त्री तिच्या गालाकडे बघत होता. आणखी एकदा, तो मनातल्या मनात म्हणत होता, एकदाच, अगं. एकदाच वाजव. गाल थकून पडला होता, तरी तिला जमलं असतं हे त्याला ठाऊक होतं. सकाळीच तिने लागोपाठ सहा अक्षरं सांगितली होती. जिन्यावरचा आवाज वरच्या मजल्यावर पोहोचून थांबला. घंटा काही वाजली नाही.

डॉक्टरीणबाई मिस्त्रीकडे वळल्या. "हे यंत्र तुम्ही केलंय. मला एक सांगा. हे कधी चुकतं का? आपोआप वाजतं, किंवा एखादी घंटा गाळतं, असं होतं का?"

मुलगी खिडकीशी उभी होती. तिने हातातला पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला. नर्सबाई दारात होत्या. त्यांनी तर पहिलं यंत्र सारखं चुकताना पाहिलं होतं. मिस्त्रीने होतं म्हटलं असतं, तर त्याला कुणीही खोटं ठरवलं नसतं. साधं, घरी केलेलं, स्वस्तातलं यंत्र. चुकायचंच. एक शब्द पुरला असता. दुसरा निर्णय होईपर्यंत आठवडा गेला असता, आठवड्यात गाल गेला असता, आणि मग विचारायचं कुणाला?

त्याने बायकोकडे पाहिलं. या वेळी ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिने डोळे मिटून घेतले होते, जणू उत्तर त्याचं त्यालाच देऊ देत होती.

"नाही," मिस्त्री म्हणाला. मग त्याने पुन्हा सांगितलं. "चुकत नाही. वही आहे माझ्याकडे."

डॉक्टरीणबाईंनी वही बघायला मागितली नाही. कागदावर त्यांनी लिहिलं, मिस्त्रीने सही केली. त्या गेल्यावर तो पलंगाशी बसला आणि बायकोला म्हणाला, "राग नाही माझा." तिने गाल उचलायला सुरुवात केली तसा तो घाईघाईने वर्ग म्हणायला लागला. तिला फक्त एवढंच सांगायचं होतं, की चादर पुन्हा रुततेय.

त्यानंतर ती साडेपाच आठवडे जगली. सुरुवातीला दिवसाकाठी वीस-पंचवीस घंटा व्हायच्या. बहुतेक क्षुल्लक गोष्टींसाठी. नाकावर माशी. समोरच्या जिन्यावरच्या दोन बायकांचं भांडण मिटलं का. लेकीच्या केसांची नवी ठेवण तिला शोभत नाही, हे सांगायला तिने सबंध अर्धा तास खर्च केला, आणि लेक हसत हसत दुसऱ्या खोलीत जाऊन रडली. एकदा मिस्त्रीने विचारलं, एक्सचेंजमध्ये असताना माझा फोन ओळखायचीस का? तिने उत्तर दिलं, श व स. बोलण्याआधी तो श्वास घेऊन थांबायचा, म्हणजे त्या श्वासावरून. हे तिने चाळीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

मग घंटा कमी झाल्या. दहा, मग चार, मग एखादी. मिस्त्री दांडी जवळ आणायचा, घंटेसाठी गाल निदान किती हलावा याची मर्यादा चार मिलिमीटरवर आणायचा, मग तीन. त्याच्याखाली त्याने नेलं नाही. त्याच्याखाली यंत्र अंदाजाने बोलायला लागलं असतं, आणि तिच्या तोंडी अंदाज घालायचा नव्हता त्याला. शेवटचे चार दिवस घंटा वाजली नाही. डॉक्टरीणबाईंनी औषध सुरू केलं होतं, त्यामुळे ती शांत होती. एका दुपारी, खिडकीतून ऊन पलंगावर आलेलं असताना, तिच्या दोन श्वासांमधलं अंतर वाढत वाढत गेलं. मिस्त्रीने तिचा हात हातात धरला होता. पुढचा श्वास यायची तो बराच वेळ वाट बघत राहिला, आणि मुलीने खांद्यावर हात ठेवल्यावरही त्याने बायकोचा हात सोडला नाही.

माणसं आली, गेली. मुलीने रजा वाढवून घेतली. पंधरा दिवसांनी इस्पितळाचा पलंग परत न्यायला गाडी येणार होती, म्हणून दोघं खोली आवरत होते. चादरी धुऊन वाळल्या होत्या. एका टोकाला बाप, दुसऱ्या टोकाला लेक, असे ते घड्या घालत होते. तिसरी चादर चालू असताना मुलीने खाली बघत विचारलं, "बाबा, त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा खोटं सांगावं असं तुमच्या मनात आलं होतं?"

"आलं होतं."

"मग?"

मिस्त्रीने चादरीचं टोक जुळवलं. "मग काय. तिला किती जोर लावावा लागला होता, ते मी बघत होतो ना."

मुलीने आपल्याकडचं टोक सरळ केलं. मग म्हणाली, "मी मनात म्हणत होते, बाबा, खोटं बोला. प्लीज बोला. मला आई हवी होती." तिच्या हातातलं टोक निसटलं. "तुम्ही नाही म्हणालात ना, तेव्हा मला तुमचा इतका राग आला. अजून गेला नाहीये सगळा."

मिस्त्रीने मान हलवली. काय बोलावं हे त्याला कधीच सुचत नसे, आणि सुचवणारी आता घरात नव्हती. त्याने वाकून तिच्या पायाशी पडलेलं चादरीचं टोक उचललं, झटकलं आणि तिच्या हातात दिलं.

"माझासुद्धा नाही गेला," तो म्हणाला.

मग दोघांनी ती चादर पुन्हा ताणली, मधोमध दुमडली, आणि खाली उभ्या राहिलेल्या गाडीचा हॉर्न वाजला तरी दोघांपैकी कुणी खिडकीकडे गेलं नाही.